सीडर ओढ्याचा बारावा नमुना

जगात स्वच्छ असं काही नसतं. शेजाऱ्यापेक्षा स्वच्छ, एवढंच असतं. हे सत्य कळायला साधुसंतांना जन्म घालवावा लागतो. आमच्या टॅन्सविक गावाच्या कौन्सिलला ते परवान्याच्या पान सातवर छापील मिळालं. तिथे लिहिलं आहे की बंद कचरा डेपोच्या खालच्या अंगाचं ओढ्याचं पाणी हे वरच्या अंगाच्या पाण्यापेक्षा एकंदरीत वाईट असता कामा नये. पाणी चांगलं असावं, असं त्या परवान्यात कुठेही म्हटलेलं नाही. परवाना देणारं पर्यावरण खातं समंजस आहे. उगाच कुणाकडून भलत्या अपेक्षा करत नाही.

डेपो बंद होऊन तेहतीस वर्षं झाली. बंद म्हणजे फाटकाला कुलूप लागलं, वर चिकणमाती पसरली, तिच्यावर गवत पेरलं आणि त्या उंचवट्याला 'पॅनोरमा हिल' असं नाव दिलं. (बंद झाल्याचं कचऱ्याला मात्र कुणी कळवलं नाही. तो आत आपलं काम इमानेइतबारे करतो आहे.) हिवाळ्यात तिथे पोरं घसरगाड्या घेऊन घसरतात, उन्हाळ्यात लग्नाचे फोटो निघतात. टेकडीच्या पायथ्याशी सीडर ओढा वाहतो. त्याच्या काठचे दगड वीस-पंचवीस पावलं नारिंगी रंगाचे आहेत. गावाच्या माहितीपत्रकात त्यांना 'निसर्गाची किमया' म्हटलं आहे.

या ओढ्याचं पाणी तपासायचं काम बावीस वर्षं रोवेना क्लेगहॉर्नकडे होतं. वर्षातून चारदा ती छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवायची, बर्फाची पेटी उचलायची, आधी ठिकाण दोन म्हणजे डेपोच्या खालच्या अंगाला आणि मग ठिकाण एक म्हणजे वरच्या अंगाला जायची. (आधी वर गेलं तर पायाने उठलेला गाळ वाहत खाली येतो आणि स्वतःच्याच बुटाचा अहवाल खात्याला जातो.) प्रवाहाकडे तोंड करून बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, बर्फात ठेवायच्या आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. पंधरा दिवसांनी चौदा ओळींचा तक्ता यायचा. त्याच्याखाली रोवेना सही करायची. तिची सही सुंदर होती. मेयर मर्विन स्टॅबलर ती पाहूनच अहवाल मंजूर करायचा, आत बघायची त्याला गरज पडायची नाही.

रोवेनाचं घर ठिकाण दोनपासून दगड भिरकावला तर पोचेल इतकं जवळ. तिचा नवरा ऑस्मंड, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर, याला जगात तीनच गोष्टींचं वेड: ट्राउट मासा, बापाचा बिडाचा तवा आणि मक्याचं पीठ. तिन्ही एकत्र येण्याच्या आड एक पाटी होती. ती त्याच्याच अंगणाच्या टोकाला, ओढ्याकाठी, तेहतीस वर्षं उभी होती: 'या ओढ्यातले मासे खाऊ नयेत.' त्यामुळे ऑस्मंड मासा पकडायचा, त्याच्याकडे डोळे भरून पाहायचा, त्याची माफी मागायचा आणि परत सोडायचा. ओढ्यातले निम्मे मासे आता त्याला चेहऱ्याने ओळखत असावेत.

तीन वर्षांपूर्वी खात्याने एक सवलत जाहीर केली. ओळीने बारा नमुने पास झाले, तर पाटी काढायची, तपासणीही बंद करायची आणि ओढा 'पूर्ववत' समजायचा. ही गोष्ट घडली तेव्हा आमचा ओढा पास होण्यात पटाईत झालेला होता. तो कसा झाला, हे सांगायला हवं, कारण इतर गावांनाही त्याचा फायदा होईल.

परवान्याच्या नकाशात ठिकाण एक आहे ते पार वर, झऱ्याच्या तोंडाशी, एका म्हाताऱ्या सीडरच्या झाडाखाली. तिथे जायचं तर काटेरी कुंपण ओलांडावं लागतं, पुढे काटेरी झुडपं आणि वर डास. रोवेना सुरुवातीची काही वर्षं तिथे जात असे. मग गावात सुरक्षा समिती स्थापन झाली. स्थापन झाल्यावर समितीला काहीतरी धोकादायक सापडणं भाग होतं. 'एकट्या महिला कर्मचाऱ्याने ओझ्यासह कुंपण ओलांडणे' हे सापडलं. ठिकाण एक खाली सॉकरच्या मैदानाजवळच्या पुलावर आणलं गेलं. तिथे गाडी लावता येते, मुतारी आहे, कॉफीची गाडी आहे. विज्ञानाला याहून काय हवं? नकाशा तेवढा बदलायचा राहिला, कारण नकाशा बदलायच्या अर्जाला बदललेला नकाशा जोडावा लागतो.

सॉकरच्या मैदानाला हिरवंगार गवत आणि शोभेचं तळं होतं. त्यावर रानहंस उतरले. पहिल्या वर्षी चौदा, दुसऱ्या वर्षी नव्वद, मग सहाशे चाळीस. एक हंस दिवसातून सरासरी अठ्ठावीस वेळा निसर्गाच्या हाकेला ओ देतो (गणती: कौन्सिलची उन्हाळी शिकाऊ मुलगी, तिने नंतर नर्सिंगला प्रवेश घेतला). हंस म्हणे नीर आणि क्षीर वेगळं करतो. आमचे हंस नीरात जे मिसळत, ते वेगळं करायला शहरातली प्रयोगशाळा लागायची.

झालं! वरचं पाणी नासलं ते असं नासलं की त्यापुढे खालचं पाणी सोवळं वाटू लागलं. पुलावरून निघालेली घाण मधल्या पाणथळात थोडीफार बसायची आणि डेपोशेजारून पाणी जरा बरं होऊन यायचं. चौदापैकी नऊ ओळी डेपोच्या बाजूने, चार तटस्थ, आणि अकरावी ओळ तेवढी विरोधात. अकरावी ओळ पाऱ्याची होती. वर शून्य, खाली थोडा. पाण्यात थोडाच, पण माशाच्या अंगात तो साठत जातो आणि खाणाऱ्याच्याही. पण नऊ विरुद्ध एक म्हणजे एक. लोकशाही पद्धतीने पारा पडला.

गावाच्या सल्लागाराने अहवालात लिहिलं, 'डेपोशेजारून वाहताना ओढ्याच्या पाण्यात सुधारणा होते.' कौन्सिलने ठराव क्रमांक अठ्ठ्याऐंशी एकमताने संमत करून डेपोचे पर्यावरणसेवेबद्दल आभार मानले. फाटकावर पितळी पाटी बसली. बंद डेपो एवढं करतो तर दुसरा एखादा चालू करावा का, असा प्रश्न एका सदस्याने विचारला. तो उपसमितीकडे आहे.

असे अकरा नमुने ओळीने पास झाले. बारावा ऑक्टोबरात घ्यायचा होता, आणि ऑस्मंडने उन्हाळ्यातच बापाचा तवा माळ्यावरून काढून तीनदा तेल पाजून घेतला.

"बारावा झाला की पहिला मासा मी तळणार," तो नाश्त्याला म्हणाला. "तुला डोक्याकडचा हवा की शेपटीकडचा?"

"ऑझ, एवढी घाई कसली?"

"घाई? तेहतीस वर्षं थांबलोय, बाई. तेवढ्यात लोकांची दोन-दोन लग्नं होऊन मोडतात."

"पण पाणी..."

"पाण्याचं काय? सही तर तुझीच असते ना?"

रोवेनाला आपली सही आयुष्यात पहिल्यांदा वाईट दिसली. माणूस वेडा, हट्टी, घोरणारा, पण तिचाच होता, आणि तिच्या सहीवर विसंबून तो अकरावी ओळ मिटक्या मारत खाणार होता. तिला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. तिने पावाला लोणी लावलं आणि विषय बदलला. बावीस वर्षांत ती यात तरबेज झाली होती.

मग ऑगस्टात एक दुर्घटना घडली. सॉकरच्या सामन्यात आमचा गोलकीपर डावीकडे झेपावला आणि हंसांच्या कृपेने घसरत घसरत थेट पाहुण्यांच्या बाकापर्यंत गेला. पालक खवळले. कौन्सिलने तातडीने डचेस नावाची मेंढ्या वळणारी कुत्री नेमली. डचेस कामाच्या वेळेत झोपत नसे, दुपारी लवकर घरी जात नसे. (त्यामुळे बाकीच्या कर्मचाऱ्यांत तिच्याविषयी नाराजी होती.) नऊ दिवसांत हंस सहाशे चाळीसवरून शून्यावर आले.

सप्टेंबरात रोवेनाने पुलावर हातातलं यंत्र सहज बुडवून पाहिलं. वरचं पाणी नितळ झालं होतं. म्हणजे खालचं एका झटक्यात घाण झालं होतं, आणि तेही जागचं न हलता. सल्लागाराला कळवलं तर त्याचं उलट टपाली पत्र आलं: 'वरच्या पाण्याची गुणवत्ता चिंताजनकरीत्या सुधारली आहे. तातडीने उपाय योजावेत.'

मर्विनने तातडीची सभा बोलावली. मर्विन आणि रोवेना एका वर्गातले, तिसरीत तो तिची वही बघून गणितं करायचा, त्यामुळे सभेतही तो औपचारिक बोलायचा नाही.

"अगं रोवेना, वरचं पाणी एवढं स्वच्छ झालंच कसं?"

"तुम्हीच कुत्री आणलीत ना."

"हंस हाकलायला आणली होती! पाणी स्वच्छ करायला कुणी सांगितलं होतं तिला?"

"तिला वेगळं सांगावं लागलं नाही."

"आता अकरा नमुने पाण्यात जायचे. काय करायचं बोल."

"डेपोच्या खालून झिरपतंय ते थांबवता येईल," रोवेना म्हणाली.

सभागृहात कुणीतरी खोकलं. इतिवृत्तात याची नोंद 'एका कर्मचाऱ्याने विषयांतर केले' अशी आहे.

पुढचे ठराव झपाझप झाले. डचेसला भरपगारी रजेवर पाठवावं. हंसांना खाऊ घालणं गावात गुन्हा आहे. कार्यालयीन वेळेत तो कौन्सिल सदस्यांपुरता माफ असावा. तळ्यात चाळीस प्लॅस्टिकचे हंस सोडावेत, म्हणजे खऱ्यांना गावाविषयी विश्वास वाटेल. रोज सकाळी दोन पोती मका टाकावा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चारशे दहा हंस हजर झाले. कौन्सिलच्या नेहमीच्या सभांपेक्षा ही उपस्थिती खूपच चांगली होती.

बाराव्या नमुन्याच्या दिवशी सकाळी रोवेना नियमाप्रमाणे आधी ठिकाण दोनवर गेली. काठावर घडीची खुर्ची टाकून ऑस्मंड बसला होता, आणि त्याच्या बादलीत चांगला हातभर ट्राउट गोल गोल फिरत होता.

"याला नाही सोडला?" तिने विचारलं.

"आज बारावा ना! निकाल येईस्तोवर फ्रीजरमध्ये ठेवतो. किती दिवस लागतात, पंधरा?"

"पंधरा."

"राहील की. मी तेहतीस वर्षं राहिलो."

माशाकडे बघून तो लहान पोरासारखा हसला. रोवेनाने वाकून बाटल्या भरल्या. पायाखालचा दगड नारिंगी होता.

पुलावर मर्विन आधीच पोचला होता. अंगात कोट, गळ्यात टाय, पायात गमबूट, काखेत मक्याचं पोतं. "ये, ये, ये," करत मूठमूठ मका पाण्यात फेकत होता आणि त्याच्याभोवती चारशे हंसांची झुंबड उडाली होती.

"आलीस? इथून घे," तो बोट दाखवत म्हणाला. "अगदी त्या जाड्याच्या मागून. तिथे बघ कसं छान गढूळ आहे."

रोवेनाने बर्फाची पेटी खाली ठेवली. पेटीच्या झाकणात परवान्याची प्रत असते. ती कायद्याने सोबत ठेवावी लागते. उघडावी असा कायदा नाही. तिने उघडली. शेवटच्या पानावर नकाशा होता, पिवळा पडलेला.

"मर्विन, या नकाशावर हा पूलच नाही."

"नकाशा कोण बघतंय आता?"

"मी बघतेय."

"बघ हं, वेडेपणा करू नकोस. ऑस्मंडच्या माशाचा तरी विचार कर!"

"त्याचाच करतेय," ती म्हणाली, आणि पेटी उचलून कुंपणाकडे निघाली.

सुरक्षा समितीची भीती अगदीच अनाठायी नव्हती. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने ओझ्यासह कुंपण ओलांडलं तेव्हा तिचा रबरी पोशाख मागून टर्रकन फाटला. पुलावर चारशे हंस आणि एक मेयर साक्षीला होते. ती वळून न बघता झुडपांतून वर चढली, दोनदा घसरली, डासांना शिव्या दिल्या आणि सीडरच्या झाडाखाली गुडघे टेकून झऱ्यात बाटली धरली. बाटली भरली तरी आत काहीच दिसेना. ती रिकामीच आहे की काय, म्हणून तिने हलवून बघितली. मग तिथेच दोन मिनिटं बसून राहिली. चौदा वर्षांत तिथे कुणी आलं नव्हतं, म्हणून ती जागा चांगली राहिली होती.

पंधरा दिवसांनी तक्ता आला. चौदापैकी तेरा ओळींत खालचं पाणी वरच्यापेक्षा वाईट. (चौदावी ओळ तपमानाची. ऑक्टोबर होता, दोन्हीकडे थंडच.) ओढा नापास झाला. पाटी राहिली.

ऑस्मंडने तक्ता वाचला, फ्रीजरमधून मासा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसला. दोघंही गोठलेले होते.

"अकरावी ओळ," तो शेवटी म्हणाला. "पारा. ही काय आज उगवली?"

"नाही. पहिल्यापासून आहे."

"मग बावीस वर्षं सही का करत होतीस?"

"पाणी चांगलं आहे का, असं मला कुणी विचारलंच नाही रे. वरच्यापेक्षा वाईट आहे का, एवढंच विचारत होते."

"मी विचारलं होतं!"

"तू डोकं की शेपूट, असं विचारलं होतंस."

ऑस्मंड उठून बाहेर गेला. दोन दिवस बोलला नाही. रोवेना रडली, मग त्याच्यावर चिडली, मग परत रडली. हे दोन दिवस तिच्या नोकरीतल्या बावीस वर्षांपेक्षा लांब गेले. तिसऱ्या दिवशी त्याने मासा परसात खोल खड्डा करून पुरला आणि रंगाचा डबा घेऊन ओढ्यावर गेला. पाटीची अक्षरं तेहतीस वर्षांत पुसट झाली होती. ती त्याने लाल रंगाने ठळक केली, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'शंका असल्यास माझ्या बायकोला विचारा. नीट विचारा.' संध्याकाळी त्याने त्याच तव्यावर दोघांसाठी अंडी केली.

कौन्सिलने प्रकरण गांभीर्याने घेतलं. सल्लागाराने निर्वाळा दिला की सीडरखालचं पाणी 'अनैसर्गिकरीत्या स्वच्छ' आहे आणि अशा पाण्याशी कुणाचीही तुलना करणं अन्यायाचं आहे. झऱ्याशी बाक, मुतारी आणि हंसांसाठी पावाचा गाडा टाकायची योजना मंजूर झाली असून काम वसंतात सुरू होईल. रोवेनाची बदली श्वान परवाना विभागात झाली. तिथे तिच्या टेबलाखाली डचेस बसते. दोघींवरचा आरोप एकच आहे: वरचं पाणी स्वच्छ निघालं.

तोवर एक चांगली गोष्ट घडली. आमचे आकडे इतके बदनाम झाले की शेजारच्या सात गावांनी आपल्या बंद डेपोंसाठी आमच्याच ओढ्याला 'वरचं ठिकाण' म्हणून मान्यता मिळवली. आमच्या ओढ्याचा थेंबही त्यांच्याकडे जात नाही, पण त्यांचे अहवाल एका रात्रीत सुधारले. आता लांबलांबून विचारणा होते. समुद्रापलीकडूनही. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही.

तुमचंही काम करून ठेवलंय. हे वाचता वाचता मध्येच कुठेतरी, बहुधा अकराव्या ओळीपाशी, तुम्हाला आपल्या घरामागचा नाला आठवला असेल, आणि 'चला, आपल्याकडे निदान एवढं तरी नाही' असं वाटून जरा बरं वाटलं असेल. ते बरं वाटणं हाच तुमचा निकाल. पास आहात. खाली सही करा आणि तवा तापत ठेवा.